पत्रिकेत राहून गेलेलं नाव

ताडकळस, सोमवार
(धोंड्याचा महिना लागायला सहा दिवस बाकी)

आदरणीय परमेश्वरराव दाजी,

तुमचा धाकटा मेव्हणा महारुद्र याचा ताडकळसहून वाकून नमस्कार. तब्येत कशी हाय? गुडघ्याला तेल लावणं चालू हाय का आठ दिवसांत कंटाळून सोडलं? आक्काचं बीपी, काळ्या म्हशीचं दुखणं, बांधावरची शेवग्याची झाडं, समद्याची खबर मला हाय (ती कशी मिळते ते विचारू नका, आक्का गोठ्यामागं जाऊन मायला फोन करते हे तुमाला ठाऊक न्हाई असं आमी इकडं धरून चालतो). माय बरी हाय. तिला ऐकायला कमी येतं, पण तिच्याबद्दल बोललेलं बरोबर येतं. मी बी बरा हाय, एक शुगर अन् एक शूटिंग सोडलं तर.

आता हा गडी पत्र कामून लिहायलाय, असं तुमी म्हणाल. दाजी, पंधरा दिवस झाले मी तुमाला फोन करायलोय. आधी रिंग वाजायची अन् तुमी कट करायचे, तेवढं तरी बोलणं होतं. आता ती बाई सांगते की आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते उपलब्ध न्हाईत. व्हॉट्सअपवर दोन निळ्या खुणा येतात अन् पुढं सामसूम. म्हणून युनिटच्या गाडीसोबत हे पत्र जिंतूरला पाठवायलोय. ड्रायव्हरला बजावलंय की दाजींनी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ओट्यावरून उठायचं न्हाई. तवा त्याला चहा पाजा, अन् पान उलटायला विसरू नका, मजकूर मागल्या बाजूला बी हाय.

मुद्दा तुमाला ठाऊक हाय, तरी लिहितो. माझ्या ‘मांडवपरतणी’ पिक्चरच्या लग्नाच्या सीनसाठी जी पत्रिका छापली, तिच्यात समद्या भावकीचं नाव आलं अन् तुमचं राहिलं. घरच्या एकुलत्या एक जावयाचं. खोट्या लग्नाची खोटी पत्रिका होती असं मी आक्कामार्फत कळवून बगितलं, त्यावर तुमी कळवलं की नाव खरं होतं. मग तुमी जाहीर केलं की ताडकळसच्या शिवारात पाय ठेवणार न्हाई, धोंड्याच्या जेवणाला बी येणार न्हाई, अन् आक्काला बी पाठवणार न्हाई. मी तुमाला दोष देत न्हाई. तुमच्या जागी मी असतो तर गावात पाय ठेवला असता अन् पत्रिका फाडली असती.

दाजी, माझी सुरुवात कुठं झाली असं मुंबईत कुणी मुलाखतीत विचारलं की मी लहानपणापासून कलेची ओढ वगैरे काहीबाही सांगतो. खरं तुमाला अन् मला ठाऊक हाय. बारावीत दोनदा नापास झालो, बाबांनी शेतात घातलं तर बैल माझं ऐकंनात, तवा आक्कानं मला जिंतूरला तुमच्या ‘राजेश्री व्हिडिओ शूटिंग’मधी आणून सोडलं (दुकानाला बायकोचं नाव देणारा तालुक्यातला पहिला माणूस तुमी, अन् त्यावरून लोक किती हसायचे ते बी मला आठवतं). तुमच्या खांद्यावर तो धोंड्यासारखा जड कॅमेरा, धुळीची शिंक येते म्हणून तोंडाला बांधलेली पांढरी दस्ती (मुंबईत तिला रुमाल म्हणतात), अन् मागं मी, हातात हजार वॅटचा लाइट अन् गळ्यात वायरचं भेंडोळं. बोरीच्या लग्नात मी लाइट लय जवळ नेला अन् नवरदेवाच्या फेट्याचा तुरा पेटला, तवा तुमी शूटिंग बंद न करता एका हातानं तुरा विझवला. कॅसेटमधी ते आरतीसारखं दिसतं असं नवऱ्याच्या बापाला पटवून बी दिलं. निर्माता कसा असतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बगितलं.

तुमची शिस्त मला अजून पाठ हाय. लग्नाच्या आदल्या दिवशी तुमी पत्रिका घेऊन बसायचे अन् एकूण एक नावाखाली लाल पेनानं रेघ मारायचे. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, नवरीचे मामा, नवऱ्याचे आत्याबा. म्हणायचे, रुद्रा, ज्याचं नाव पत्रिकेत त्याचं तोंड कॅसेटमधी आलंच पायजे; नवरानवरी एक वेळ कमी आले तरी चालतील, ते एकमेकांना घरी बगतील. अन् मानवतची ती आत्याबाई! लग्न होऊन चार दिवस झाले, कॅसेट बगून तिनं घर डोक्यावर घेतलं की मी कुठंच न्हाई. तुमी मला अन् कॅमेरा घेऊन तिच्या घरी गेले, तीच साडी नेसायला लावली अन् परसात उभं करून आहेर देताना घेतलं. पण बाईनं साडी धुतली होती. कॅसेटमधी लग्नातली साडी जांभळी अन् हिची एकटीची फिक्कट, जशी काही ती दुसऱ्याच लग्नाला गेली होती. त्या दिवसापासून तुमी मला बजावलं की शूटिंग पुरं होईपर्यंत कुणाला कपडा धुवू द्यायचा न्हाई. मुंबईत याला कंटिन्युटी म्हणतात अन् ते शिकवायला कॉलेज हाय.

आणखी एक तुमचं वाक्य मी कधी विसरलो न्हाई. जोडपी आहेर घेऊन स्टेजवर आली की तुमी ओरडायचे, इकडं बगा! अन् ती माणसं हातातलं पातेलं अर्ध्यात धरून लाइट सरकेपर्यंत पुतळ्यासारखी उभी राहायची. मी बी एकदा वाकून कॅमेऱ्यात बगितलं, तर तुमी लग्नातच मला टपली मारली. म्हणले, कॅमेऱ्यात त्यांनी बगायचं, आपुन नवरीकडं बगायचं. शूटिंगवाला कॅमेऱ्यात बगायला लागला की समजायचं हा वऱ्हाडी झाला.

पुढं मी मुंबईला गेलो. अठ्ठावीस वर्सं झाली. गावात मला अजून विचारतात की तू पिक्चरमधी नेमकं काय करतोस? हिरो न्हाई, डायरेक्टर न्हाई, कॅमेरा धरत न्हाई, गाणं म्हणत न्हाई. मायनं याचं उत्तर कायमचं काढून ठेवलंय: तो जेवणाचं बगतो. आधी मला लय राग यायचा. आता वाटतं, निर्मात्याचं काम याहून बरोबर कुणी सांगितलं न्हाई. दुपारी दीडची माझी मालिका पाच वर्सं चालली, तिच्यातली आत्याबाई दोनदा मेली (दुसऱ्यांदा मेली तवा माय म्हणली, हिचा काय भरवसा, अन् टीव्ही बंद करून दळण निवडायला बसली). त्या पाच वर्सांत जेवणाशिवाय मी एकच काम केलं, नावं लावली. टायटलात कुणाचं नाव आधी, कुणाचं मोठं, कुणाचं एकट्याचं. दोन नट्या अशा होत्या की दोघींना पहिलं नाव पायजे. मी तोड काढली की दोघींची नावं पडद्यावर एकदमच येतील, एक डावीकडून, एक उजवीकडून. तर उजवीकडची म्हणली की माणूस डावीकडून वाचतो, अन् दोन दिवस मेकअपला बसली न्हाई. शेवटी एक दिवस ही डावीकडं, एक दिवस ती, असं पाच वर्सं चालवलं. आता तुमीच सांगा, नावावर ज्याची भाकर चालते त्या माणसाच्या हातून जावयाचं नाव राहावं?

मधी दोन पिक्चर काढले. पहिला मुंबईत कुणी बगितला न्हाई. परभणीत आठवडाभर चालला, कारण तुमी जिंतूरहून रोज जीप भरून माणसं आणली (त्यातली अर्धी मध्यंतरात बाजाराला निघून जायची, पण तो पिक्चरचा दोष होता, माणसांचा न्हाई). दुसरा परभणीत बी चालला न्हाई. तवा हा तिसरा चालला न्हाई तर लोक मला निर्माता म्हणायचं बंद करतील, अन् मला दुसरं काही येत न्हाई, बैल तर आता कुणाकडंच राहिले न्हाईत.

‘मांडवपरतणी’ची गोष्ट मांडवपरतणीपासून सुरू होते अन् लग्नावर संपते. उलटी गोष्ट सांगायची आमच्या दिग्दर्शकाला हौस हाय. जीवन त्याचं नाव, पुण्याचा हाय, हुशार हाय, फक्त पंगतीत बसला की आधीच भात मागतो. शेवटच्या सीनला त्याला आठशे माणसं पायजे होती. मुंबईची गर्दी आणायची म्हणलं तर ती लग्नात बी बसस्टॉपवर उभी राहिल्यासारखी उभी राहते. मला तुमची आठवण झाली. म्हणलं, आपल्या माणसाला लग्नात कसं वागायचं हे शिकवायची गरज न्हाई, त्याला फक्त पत्रिका द्यावी लागते. सरळ पत्रिका छापू, गावात अन् पै-पाव्हण्यांत वाटू, नावं भावकीचीच टाकू म्हणजे माणसं हौसेनं येतील, अन् खाली बारीक अक्षरात लिहू की सदर विवाह चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी हाय. ती बारीक अक्षरं एका बी माणसानं वाचली न्हाईत. पत्रिका हातात आली की माणूस आधी आपलं नाव बगतो, मग आपल्या वर कोण हाय ते बगतो, मग जेवण कुठं हाय ते बगतो.

आता तुमचं नाव कसं राहिलं ते सांगतो. दाजी, चूक छापखान्याची हाय. मी यादी दिली तवा पहिलं नाव तुमचंच होतं. पण ऐन वक्ताला आमचे चुलते दिनकरराव म्हणले की त्यांच्या नावामागं ‘माजी चेअरमन, सोसायटी’ असं आलंच पायजे. त्यानं एक ओळ वाढली, अन् वाढलेल्या ओळीखाली छापखान्यातल्या माणसानं तुमाला दाबलं. मी त्याला लय बोललो. तो बी मान खाली घालून उभा होता.

गुरुवारी शूटिंग होतं. मी सकाळपासून रस्त्याकडं बगत होतो, वाटलं राग गिळून याल. मग आक्काकडून मायला कळलं की तुमी सरकीचं बियाणं बगायला परभणीला गेल्ते. नेमकं गुरुवारीच बियाणं आठवलं याचा अर्थ मला कळतो. असो. इकडं दहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. पूर्णा, मानवत, पालम, कुठून कुठून, अन् प्रत्येकाच्या हातात आहेराची पिशवी. आमची नवरी ऋतिका ठाण्याची हाय, पहिलाच पिक्चर. बायकांनी तिला गराडा घातला, तिची ओटी भरली, तिच्या आईचं माहेर कुठलं ते विचारलं, नवरा सावळा हाय पण नाकाडोळ्यानं बरा हाय असा धीर दिला. ती माझ्याकडं येऊन म्हणली, सर, ह्या बायका किती नैसर्गिक अभिनय करतात! तोवर एक अख्खी खोली स्टीलच्या डब्यांनी अन् भिंतीवरच्या घड्याळांनी भरली होती. हे परत करायचं म्हणलं तर भावकीतल्या कस्तुराकाकू म्हणल्या, आहेर परत करतात का कुठं, देणाऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखं होतं. आता ती घड्याळं मुंबईला न्यावी लागतील अन् ऋतिकाच्या आईला समजवावं लागंल.

माइक दिनकरकाकांच्या हातात. त्यांच्या हातात माइक गेला की तो बॅटरी संपल्याशिवाय परत येत न्हाई हे तुमाला ठाऊक हाय. जीवन तिकडून अॅक्शन म्हणला ते कुणालाच ऐकू आलं न्हाई, कारण काका पूर्णेच्या पाव्हण्यांना टॉवेल-टोपी घ्यायला बोलवत होते. गुरुजींना दोनच मंगलाष्टकं म्हणा असं सांगितलं होतं, त्यांनी पाच म्हणली. म्हणले, पिक्चर तुमचा असला तरी मंत्र माझे हायेत. तरी समदं झकास चाललं होतं. नवरी लाजत होती, नवरा घामाघूम, ऊन असं की मांडवाचं कापड तापून वास यायला लागला. ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, अन् त्याच क्षणी, दाजी, आठशे माणसं, बाया, लेकरं, फेटे, टोप्या, समदी कॅमेऱ्याकडं वळून उभी राहिली. हलंनात. अक्षता टाकलेले हात तसेच वर. जीवननं माझा दंड धरला, म्हणला, हे काय चाललंय? मी म्हणलं, ही आमच्या दाजींची शाळा हाय. वीस वर्सं तुमी जिंतूरपासून ताडकळसपर्यंत माणसं तयार केली, त्यांनी आपल्या लेकरांना शिकवलं. पंधरा सेकंद तशी उभी राहिली, अन् मग कुणीतरी सोडल्यासारखी एकदम पंगतीकडं पळाली. जीवन ‘परत एकदा’ म्हणंस्तोवर मांडवात नवरानवरी, गुरुजी अन् आमचे तीन कॅमेरे एवढंच उरलं.

जेवणं झाल्यावर मी हात जोडून म्हणलं की सीन परत घ्यावा लागंल, पुन्हा उभे राहा. तर कस्तुराकाकू कमरेवर हात देऊन पुढं आल्या. म्हणल्या, एकाच नवरीला एकाच मांडवात दोनदा उभं करायचं? अवदसा आठवली का तुला? मी म्हणलं, काकू, हे लग्न खोटं हाय. त्या म्हणल्या, अक्षता खऱ्या होत्या का न्हाई? पोरी नव्या साड्यांची घडी घालून घरी गेल्या. शुक्रवारी एक बी माणूस आला न्हाई, शनिवारी बी न्हाई.

शेवटी दिनकरकाकांनीच वाट काढली. काल सोसायटीच्या ओट्यावर बसून त्यांनी निकाल दिला की दुसऱ्यांदा लग्न लागणार न्हाई, ते गावाला चालणार न्हाई. पण पहिलं लग्न तरी पुरं झालंय का? घरचा जावई पत्रिकेत न्हाई, मांडवात न्हाई, त्याला टॉवेल-टोपी न्हाई, तो जेवला न्हाई. म्हणजे लग्न अर्धं राहिलं. जावई रुसवा सोडून आला, त्याचा मान झाला, की राहिलेलं लग्न पुरं करायला कुणाची ना न्हाई, अक्षता बी त्यातच येतात. काकू म्हणल्या, असं असंल तर ठीक हाय. तवा आता माझा पिक्चर ना कॅमेऱ्यावर अडलाय ना नटीवर, तो जिंतूरला तुमच्या ओट्यावर अडलाय.

अन् हे शनिवारच्या आत व्हायला पायजे. रविवारी धोंडा लागतो, धोंड्यात गाव खोटं लग्न बी लावू देणार न्हाई. धोंडा संपला की पेरण्या, मग मांडवात उभं राहायला माणूस कुठला? ऋतिका बी शनिवारपर्यंतच मोकळी हाय, पुढं ती दुसऱ्या मालिकेत सून व्हायला निघाली. शेवट न्हाई म्हणल्यावर पिक्चर कोण घेणार?

पिक्चरचं एक वेळ सोडा. माय ऐंशीच्या पुढं गेली. तिनं धोंड्याच्या पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडून डबा भरून ठेवलाय, तुमच्यासाठी धोतरजोडी आणून ठेवलीय (तुमी प्यांट घालता हे ती मान्य करत न्हाई). परवा मला म्हणली, धोंडा तीन वर्सांनी येतो बाबा, पुढल्या धोंड्याला जावई आला तर वाढायला मी असंन का? म्हणली अन् डबा परत फळीवर ठेवला. दाजी, ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्या चुकीची शिक्षा तिला होऊ नये एवढंच मला वाटतं, अन् आक्काला तर त्याहून न्हाई.

तवा झालं गेलं पोटात घाला. नवी पत्रिका छापलीय, सोबत जोडलीय. पहिली ओळ पूर्ण तुमची हाय, त्या ओळीत दुसरं कुणी न्हाई, काकांचं चेअरमनपद बी खाली ढकललंय. पिक्चरच्या टायटलात बी पहिलं नाव तुमचं, माझ्या आधी, एकट्याचं. गाडी दारात उभी हाय. तुमी अन् आक्का दोघंबी बसा, आक्काला आठ दिवसांच्या बोलीनं आणा. म्हशीला उतार पडो, शेवग्याला शेंगा लागोत, अन् मला पदरात घ्या.

तुमच्या लाइटामागं उभा राहून मोठा झालेला,
महारुद्र

ता.क. १ : वर छापखान्याबद्दल लिहिलंय ते खोटं हाय. परत पहिल्यापासून लिहायला कागद न्हाई म्हणून तसंच ठेवतो. छापखान्यातल्या माणसानं उलट विचारलं होतं की जावयाचं नाव दिसत न्हाई, मी म्हणलं हाय हाय, तू छाप. प्रूफ मी स्वतः तीनदा वाचलं. पहिल्यांदा माझं नाव कुठं हाय ते बगितलं, दुसऱ्यांदा ते ठळक हाय का ते बगितलं, तिसऱ्यांदा नावामागं ‘सुप्रसिद्ध’ आलंय का ते बगितलं. लाल पेन हातात घेतलंच न्हाई. इतकी वर्सं दुसऱ्यांची नावं लावून मी स्वतःच वऱ्हाडी झालो, दाजी. विसरलो, दुसरं कारण न्हाई. माफ करा.

ता.क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात जीवननं हाक मारली. तो गुरुवारचं शूटिंग बगत बसला होता. म्हणला, सर, आठशे माणसांत एकच माणूस कामाचा हाय. मांडवाच्या मागल्या खांबाला, पाण्याच्या टाकीजवळ, चॉकलेटी शर्टातला एक माणूस, तोंडाला पांढरी दस्ती. समदी कॅमेऱ्यात बगायलेत, हा एकटा नवरीकडं बगायलाय. अक्षता टाकल्या, दस्ती खाली ओढली, डोळे पुसले अन् त्याच दस्तीनं नाक बी पुसलं. मी म्हणलं, मोठं करून दाखव. त्यानं दाखवलं. दाजी, मी उठून बाहेर गेलो अन् जनरेटरच्या गाडीआड उभा राहून लय रडलो. पत्रिकेत नाव न्हाई, आमंत्रण न्हाई, अन् तुमी बियाण्याचं निमित्त करून, तोंड झाकून, माझ्या खोट्या लग्नाला आल्ते. जीवन म्हणतो पिक्चर ह्याच माणसाच्या तोंडावर संपवायचा. मायला मोबाइलवर दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा बगितलं अन् विचारलं, जेवला का पोटभर? म्हणलं, दुसऱ्या पंगतीत होते, बुंदी दोनदा घेतली, ते बी कॅमेऱ्यात आलंय. तर म्हणली, मग रुसला कुठं हाय? अन् डाळ भिजत घालायला उठली, तिला थांबवलं, म्हणलं रविवार लांब हाय. आक्काला मी यातलं एका शब्दानं बोलणार न्हाई. तुमी बी दिनकरकाकांना बोलू नका, जावई आल्ता अन् जेवून गेल्ता असं कळलं तर ते लग्न पुरं झालं म्हणतील अन् माझा पिक्चर बुडंल.

ता.क. ३ : जीवनला तुमी खांबाजवळ परत जसेच्या तसे पायजेत. येताना तोच चॉकलेटी शर्ट घालून या, दस्ती बी तीच. डाव्या खिशावर वरणाचा जुना डाग हाय (अक्षता टाकताना बी दिसतो), तो असू द्या. मानवतच्या आत्याबाईची साडी आठवा. आक्का धुणं घेऊन बसली असंल तर हे पत्र आहे तिथं ठेवा अन् आधी तिला थांबवा.